सेंद्रिय भाताचं पीजीएस प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, गुजरातमधल्या कवांटकडे भात पिकवणारे आदिवासी शेतकरी आणि त्यांचे अर्ज वडोदऱ्यात बसून भरून देणारी आपली मंडळी, दोघांची तक्रार एकच: "शेतात युरिया कधी टाकलाच नाही, तरी सेंद्रिय दाखला नाही!" खरं असेल, पण ते कागदावर यावं लागतं.

पीजीएस-इंडिया ही शेतकऱ्यांच्या गटानेच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची हमी देण्याची सरकारी पद्धत, त्यामुळे तिच्यात एकट्याला अर्ज करता येत नाही. एकाच किंवा शेजारच्या गावातल्या किमान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो. आधार, शपथपत्र, पोर्टलवरची नोंदणी, हे चटकन उरकतं.

घोडं अडतं ते सात-बारावर. उतारा अजून आजोबांच्या नावावर, वारसाई चढवलेलीच नाही. आधी तलाठ्याकडे ती नोंद करून घ्या, मग अर्ज. जमीन 2006च्या वनहक्क कायद्याखाली मिळाली असेल तर हक्कपत्राची प्रत जोडा. कुणी तोंडी "चालणार नाही" म्हणालं तर परत फिरू नका, लेखी उत्तर मागा. लेखी म्हटलं की सूर बदलतो.

शेताचा पूर्वेतिहास मात्र कुणाकडेच लिहिलेला नसतो. कुठलं पीक, कुठलं बियाणं, शेवटचं रासायनिक खत किंवा फवारणी कधी. आठवून लिहायला बसलं की एका तुकड्यात बीटी कापूस निघतो. जनुकीय बदल केलेलं बियाणं सेंद्रियात चालत नाही, तसंच बुरशीनाशक चोळलेलं रंगीत भाताचं बियाणंही नाही. वरच्या खाचरातून शेजाऱ्याच्या युरियाचं पाणी उतरत असेल तर बांध घाला, चर काढा, आणि तेही नोंदवा.

सर्वांत मोठा घोळ 24 महिन्यांचा, म्हणजे पूर्ण सेंद्रिय दाखल्याआधी रसायनांशिवाय काढायच्या रूपांतराच्या मुदतीचा. लोक दोन पिकं मोजतात. मोजायचं असतं शपथेच्या किंवा शेवटच्या रसायनाच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिथून. जून 2025मध्ये शपथ घेतली तर 2026च्या दिवाळीपर्यंत दोन भात निघतील, पण मुदत जून 2027पर्यंत चालेल. तोवर हाती येतं ते 'पीजीएस-ग्रीन', रूपांतराच्या काळातलं प्रमाणपत्र. त्यावर 'सेंद्रिय' छापून तांदूळ विकू नका, पुढे गटच अडचणीत येतो.

शेतांची पाहणी गटातल्या सदस्यांनीच एकमेकांकडे जाऊन करायची असते. घरी बसून सगळे फॉर्म एकाच हस्ताक्षरात भरले तर शंका येणारच.

"अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार आणि नानकौरी बेटांना सरसकट मिळालं, आम्हाला का नाही?" असंही विचारतात. ते मोठ्या क्षेत्राचं प्रमाणन, प्रशासनाच्या पातळीवरचं. गटाच्या अर्जातून होत नाही. आणि तांदूळ निर्यात करायचा असेल तर पीजीएस पुरत नाही, एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र लागतं.