सायकोसिस: आवाज थांबले, पण कॉलेजचं काय?

सायकोसिस झालेल्या पोराची औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत कानात येणारे आवाज मंदावले, कुणीतरी आपल्या मागावर आहे हा संशय सैल पडला की घरचे एकदाचे हुश्श करतात. आणि करणारच ना, त्याआधीचे दिवस भयंकर गेलेले असतात. पण खरा गुंता त्यानंतर सुरू होतो. पोरगं घरी बसून आहे, वर्ष बुडालंय, मित्रांचे मेसेज यायचे बंद झालेत, झोप खूप येते, वजन वाढतंय, आणि पुस्तक उघडलं तर पानभर वाचूनही काय वाचलं ते आठवत नाही. यावर चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: "आधी पूर्ण बरा हो, मग शिक्षण-नोकरीचं बघू." माझं मत विचाराल तर चांगल्या मनाने दिलेला इतका नुकसानकारक सल्ला दुसरा नाही, आणि गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन बरंचसं त्याच दिशेला बोट दाखवतंय.

थोडं मागून सुरू करू. सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा काही काळ तुटणं. नसलेले आवाज ऐकू येतात, ठाम पण खोट्या समजुती बसतात, विचारांची संगती लागत नाही. १०० माणसांमागे साधारण ३ जणांना आयुष्यात कधीतरी असा एपिसोड येतो. सगळ्यांना स्किझोफ्रेनियाच असतो असं नाही, बायपोलर, तीव्र डिप्रेशन, नशेचे पदार्थ, कारणं बरीच. वय मात्र बहुतेकदा तेच, सोळा-सतरापासून पंचविशी-तिशीपर्यंत. म्हणजे नेमकी माणूस शिकतो, प्रेमात पडतो, पहिला पगार हातात घेतो ती वर्षं. चाळिशीत सहा महिने गेले तर परत यायला नोकरी असते, ओळखी असतात, एकोणिसाव्या वर्षी सहा महिने गेले तर परत यायला अजून काही उभंच झालेलं नसतं.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ मॅक्स बर्चवुड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच टप्प्याबद्दल मांडणी केली, की पहिल्या एपिसोडनंतरची तीन ते पाच वर्षं निर्णायक असतात, पुढची घडी बरीचशी याच काळात बसते. त्याआधीच, १९९२ मध्ये, मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी यांच्या टीमने फक्त तरुण मुलांसाठी वेगळी सेवा सुरू केली होती. कारण विशीतल्या पोराला वीस वर्षं आजारी असलेल्यांच्या वॉर्डात नेऊन ठेवलं की त्याला वाटतं, हेच माझं भविष्य. निम्मं अवसान तिथंच गळतं.

उशीर हा यातला मोठा शत्रू. अमेरिकेत रेझ नावाचा अभ्यास झाला, २१ राज्यांतली ३४ केंद्रं आणि ४०४ तरुण. त्यात दिसलं की लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत निम्म्या लोकांचे ७४ आठवड्यांहून जास्त दिवस असेच गेले होते. जवळजवळ दीड वर्ष! औषधांची नीट आखणी, घरच्यांना माहिती, वैयक्तिक थेरपी आणि शिक्षण-नोकरीला मदत असं सगळं एकाच टीमकडून मिळालेल्या गटाची दोन वर्षांनी जगण्याची प्रत जास्त सुधारली होती, पण तो फायदा मुख्यतः उपचार लवकर मिळालेल्यांच्या वाट्याला आला. हा उशीर कमी करता येतो हे नॉर्वेने दाखवलं. तिथे रोगालँड भागात पेपर, रेडिओ, शाळा सगळीकडून लक्षणांची माहिती दिली, फोन केला की पटकन तपासणी. तिथला मध्यक उशीर (म्हणजे निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ५ आठवडे होता, जिथे मोहीम नव्हती तिथे १६. मग मोहीम थांबली आणि आकडा पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. म्हणजे एकदा जाहिरात करून भागत नाही, सांगतच राहावं लागतं.

आता औषधांबद्दल, कारण असं काही लिहिलं की कुणीतरी विचारतंच, मग गोळ्या बंद करायच्या का. नाही. १९९९ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात औषध बंद केलेल्यांमध्ये आजार उलटण्याची शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. डोस कमी करायचा असेल, त्रास होत असेल तर ते डॉक्टरांशी बसून ठरवायचं, गुपचूप नाही. पण गोळी आवाज कमी करते, ती कॉलेजात परत कसं जायचं ते शिकवत नाही, आणि हे दुसरं काम कुणाचं हे बऱ्याच ठिकाणी ठरलेलंच नसतं.

घरापासून बघू. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने हॉस्पिटलातून घरी गेलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते पाहिलं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. ऐकायला अन्यायच वाटतो. पण पुढच्या अभ्यासांतून हळूहळू उलगडलं की प्रश्न घराचा नाही, घरातल्या तापलेल्या वातावरणाचा आहे: सतत टीका, राग, आणि दुसऱ्या टोकाला मुलाला एक क्षण एकटं न सोडणारी काळजी. नंतर २५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा घरांत साधारण ५० टक्के लोकांचा आजार उलटला होता आणि शांत घरांत साधारण २१ टक्के. याचा अर्थ घरच्यांमुळे सायकोसिस होतो असा अजिबात नाही. बरेचदा हा ताप आजारामुळेच चढलेला असतो, महिनोन् महिने रात्रभर जागणारा शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा घरचा माणूस, चिडणार नाही तर काय करणार.

चांगली गोष्ट ही की हे बदलता येतं. कुटुंबासोबतच्या बैठकांत उपदेश नसतो, चक्क सराव असतो. समजा मुलगा दुपारी एकपर्यंत झोपतो आणि वडील रोज म्हणतात, "तुला काही करायचंच नाहीये, आळशी झालायस नुसता." आधी थेरपिस्ट समजावतो की उत्साह आटणं हे आजाराचं लक्षण आहे आणि वर गोळ्यांची गुंगी आहे, नाटक नाही. मग वडिलांना तेच दुसऱ्या शब्दांत म्हणून बघायला लावतो: "तू काल दहाला उठलास, आपण एकत्र चहा घेतला, मला बरं वाटलं. उद्या दहाला उठवू का?" ठरावीक गोष्ट, स्वतःची भावना, छोटी विनंती. पहिल्यांदा बोलताना पाठ केल्यासारखं वाटतं, मुलगा हसतोही, पण चार-पाच बैठकांत घरातला आवाज खाली येतो. उपचार कसे असावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेची शिफारस ३ महिने ते १ वर्षात किमान १० बैठकांची आहे, म्हणजे एका मीटिंगमध्ये पत्रक हातात देऊन पाठवणं म्हणजे फॅमिली थेरपी नव्हे.

दुसरी गोष्ट बोलून करायच्या थेरपीची, म्हणजे सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी). लोकांना वाटतं भ्रम झालेल्या माणसाशी काय बोलणार, पटवायला गेलं की तो अजून घट्ट धरतो. खरंच आहे, म्हणून थेरपिस्ट पटवायला जातच नाही. एखादी मुलगी म्हणते, मी बसमध्ये चढले की लोक खोकून एकमेकांना खूण करतात. तिला विचारतात, यावर किती टक्के खात्री? ती म्हणते नव्वद. मग दुसरं काही कारण असू शकेल का याची यादी दोघं मिळून करतात, सर्दी, धूळ, सवय, आणि मग एक छोटा प्रयोग ठरतो: ती चढायच्या आधीही लोक खोकतात का, ते स्टॉपवर उभं राहून मोजायचं. खात्री नव्वदवरून साठवर आली तरी पुरे, कारण साठवर ती बसमध्ये बसू शकते. हे काम हळू चालतं, नाइस म्हणतं किमान १६ सेशन्स. परिणाम मध्यम आहे, चमत्कार नाही, जो चमत्कार विकतो त्याच्यापासून लांबच राहा.

आवाजांसाठी तर याहून भन्नाट प्रकार आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांच्या कल्पनेतून निघालेल्या अवतार थेरपीत माणूस स्वतःच्या आवाजाला कॉम्प्युटरवर चेहरा देतो, थेरपिस्ट शेजारच्या खोलीतून त्या चेहऱ्याच्या तोंडून तीच घाणेरडी वाक्यं बोलतो, आणि समोरचा त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो, मग अवतार हळूहळू नरमतो. २०१८ मध्ये १५० लोकांवरच्या ट्रायलचे निकाल आले. १२ आठवड्यांनी साध्या समुपदेशनापेक्षा आवाजांचा त्रास बराच कमी होता, २४ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

आता मूळ मुद्दा, काम आणि शिक्षण. जुनी पद्धत अशी की आधी वर्कशॉपमध्ये सराव, मेणबत्त्या, पाकिटं वगैरे, मग "तयार" झालात की नोकरी. ते तयार होणं बहुतेकांच्या बाबतीत कधी येतच नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी क्रम उलटा केला: ज्याला काम करायचंय त्याला लगेच खरी, बाजारातली नोकरी शोधून द्या, त्याच्या आवडीची, आणि शिकवणं, आधार देणं हे सगळं नोकरी लागल्यावर, लागेल तितके दिवस. अट एकच, त्याची इच्छा. लक्षणं शिल्लक आहेत म्हणून कुणाला नाकारायचं नाही. नोकरी शोधणारा माणूस डॉक्टरांच्याच टीममध्ये बसतो, त्यामुळे सकाळच्या शिफ्टला गुंगी येते म्हटलं की गोळीची वेळ बदलायची चर्चा त्याच आठवड्यात होते. आजाराबद्दल मालकाला सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे तो तरुण स्वतः ठरवतो. मेलबर्नमध्ये ४१ तरुणांवर हे करून पाहिलं, या मदतीच्या गटात २० पैकी १३ जणांना काम मिळालं, नेहमीच्या उपचारांच्या गटात २१ पैकी २. अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण नंतर अनेक देशांतल्या ट्रायल्स एकत्र केल्या तेव्हाही जुन्या पद्धतीच्या दुपटीहून जास्त लोक नोकरीला लागलेले दिसले. आणि कामाच्या ताणाने आजार उलटेल ही जी भीती सगळ्यांना असते, ती या अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

शिक्षणालाही तेच. पूर्ण कोर्स झेपत नसेल तर दोन विषय घ्या, परीक्षेला जास्त वेळ मागा, लेक्चर रेकॉर्ड करा. लक्ष आणि स्मरणशक्तीसाठी कॉम्प्युटरवरचे सराव असतात, पण नुसते खेळ खेळून फारसं साधत नाही, खऱ्या अभ्यासाबरोबर, खऱ्या कामाबरोबर जोडले तर उपयोग जास्त. गांजाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं, सायकोसिसनंतर चालू ठेवला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. पण पोरगं तो का ओढतंय हे न विचारता नुसतं ओरडून सुटत नाही, कारण बऱ्याचदा उरलेला एकमेव मित्रांचा ग्रुप तोच असतो. आणि उदासीकडे लक्ष ठेवा: भ्रम ओसरल्यावर, आपल्याला काय झालं होतं हे कळल्यावर निराशा गाठते, आत्महत्येचा धोका या सुरुवातीच्या काळात जास्त असतो. तसं काही बोलणं ऐकू आलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

हे सगळं किती दिवस करायचं यावर अजून एकमत नाही. डेन्मार्कच्या ओपस अभ्यासात ५४७ जण होते, सुमारे दहा रुग्णांमागे एक कार्यकर्ता अशी दोन वर्षं मदत दिली, फायदा ठळक होता, पण मदत थांबल्यावर पाचव्या वर्षापर्यंत लक्षणांमधला फरक बराचसा विरला. फक्त आधारगृहात राहावं लागणाऱ्यांची संख्या कमीच राहिली. मग डेन्मार्कनेच मदत पाच वर्षांपर्यंत ताणून पाहिली तर विशेष फरक नाही, कॅनडात तसंच केलं तर फरक पडला. मला वाटतं नेमक्या वर्षांपेक्षा टीम सोडताना हातात काय आहे ते महत्त्वाचं. निदान स्वतःच्या इशाऱ्यांचा एक कागद तरी हवा. प्रत्येकाचे इशारे वेगळे असतात, कुणाची झोप दोन रात्री उडते, कुणी अंघोळ टाळतो, कुणाला गाण्यांमध्ये संदेश ऐकू यायला लागतात. ते तब्येत बरी असतानाच लिहायचे, त्यापुढे काय करायचं, कुणाला फोन करायचा, कामावर किती दिवसांची सुट्टी सांगायची हेही लिहायचं, आणि एक प्रत घरातल्या त्या माणसाकडे द्यायची जो इशारा दिसल्यावर भांडणार नाही, फोन करेल.