हातअवजारांचा दर्जा नेमका कुठे घसरला

‘पूर्वीसारखे पोलाद राहिले नाही’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. 1740 च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, तेव्हा तिथल्या धारेच्या अवजारांना प्रथमच एकजिनसी पोलाद मिळू लागले. ते महाग असल्याने पटाशीच्या धारेपुरतेच पोलाद घालत, मागचा भाग साध्या लोखंडाचा. आज त्याहून शुद्ध पोलाद सहज मिळते. काटछाट झाली ती त्यावरच्या कामात.

1869 मध्ये स्टॅनले या अमेरिकन अवजार कंपनीने लेनर्ड बेलीने रचलेल्या रंध्याचे पेटंट हक्क घेतले, तेव्हा गिऱ्हाईक रोज धार लावणारा सुतार होता. खोट त्याला लगेच कळे. 1917 मध्ये ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी विजेची यंत्रे स्वस्त होऊन घरोघरी गेली. कसबी कारागीर यंत्राकडे वळला आणि हातअवजार वर्षातून दोनदा हात लावणाऱ्यासाठी बनू लागले. त्याला दिसते ती चकाकी आणि किंमत.

मग न दिसणारी कामे कापली गेली. रंध्यात पात्याला आधार देणारा भाग तळावर नीट बसवायचा, तर बीड अचूक खरवडावे लागते. ते टाळले की पाते थरथरते आणि लाकडावर लाटा उमटतात. पटाशीला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून कडकपणा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 60 च्या आसपास आणतात. कारखान्यात घाईने घासताना टोक निळे पडले, तर धार मऊ होऊन वळते. (पटाशी नवी असताना धार टिकत नसेल, तर लगेच फेकू नये. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर घासून गेल्यावर बऱ्याचदा चांगले पोलाद लागते.)

करवतीची गोष्ट वेगळी. जुन्या करवतीचे पाते पाठीकडे पातळ होत जाई, म्हणून ती कापात अडकत नसे. दात बोथट झाले की कानस मारून पुन्हा तीक्ष्ण करता येत. आता दातांची टोके क्षणार्धात विजेने तापवून कडक करतात. ती जास्त टिकतात हे मान्य. पण कानसच घसरते, त्यामुळे बोथट झाली की करवत टाकूनच द्यावी लागते.

अचूक कामाची कला मात्र हरवलेली नाही. 1981 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ली-नील्सन ही कंपनी जुन्या नमुन्यांवर जाड पात्याचे, नीट खरवडलेले रंधे बनवते. त्यांची किंमत साध्या दुकानी रंध्याच्या कितीतरी पट असते, कारण वाचवलेले सगळे श्रम त्यात परत घातलेले असतात.