काट्यावरचं मशीन आणि २.४.१०ची भानगड

गाळप हंगाम तोंडावर आला की चिकोडी-निपाणी पट्ट्यात आमचा एक ठरलेला उद्योग असतो. ऊसकाट्याच्या कॉम्प्युटरवर नवा लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चढवायचा आणि मग तीन दिवस त्या मशीनचे हाल हाल करायचे. काट्यावरचा पोरगा दरवर्षी विचारतो, "चालतंय की ते. का छळताय त्याला?"

चालतंय, हीच तर अडचण. ड्रायव्हर बिघडला तर प्रिंटर लगेच गप्प होतो आणि कळतं. मेमरी सांभाळणाऱ्या भागात बदल फसला तर चार दिवस काहीच दिसत नाही. मग रात्री दोनला डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो, पावती निघायला पाच मिनिटं लागतात आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते. क्रॅश काहीच झालेलं नसतं. रॅम आणि डिस्क यांच्यात नुसती ने-आण चालू असते, काम पुढे सरकत नाही. आमच्याकडे याला 'मशीन बसलं' म्हणतात, पुस्तकात थ्रॅशिंग. हा रोग साठच्या दशकापासून ओळखीचा आहे आणि १९६८ साली त्यावर 'वर्किंग सेट'चा, म्हणजे प्रोग्रामला त्या घडीला लागतं तेवढं मेमरीत राहू द्यायचं, हा उपायही मांडला गेला. ते कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात येतंच, इथे उगाळत नाही. खरी भानगड २००१ची.

त्या वर्षी जानेवारीत २.४ कर्नल आला. मधला आकडा सम असेल तर 'स्टेबल', विषम असेल तर प्रयोगाची मालिका, असा तेव्हाचा संकेत. म्हणजे २.४ स्टेबल. पण मेमरी भरत आली की त्याची दमछाक व्हायची. रॅम भरली की मेमरीची पानं, म्हणजे तिचे ठरावीक मापाचे तुकडे, डिस्कवरच्या ज्या जागेत ठेवतात ती स्वॅप. स्वॅपमधून परत आणलेल्या पानाने तिथली जागा अडवून ठेवलेलीच असायची, म्हणून स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवा असा सल्ला मिळे. (३२ जीबीच्या मशीनवरही तो सल्ला पाळणारे लोक आजही भेटतात!) बेळगावात कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही ६४ एमबीच्या मशीनवर कर्नल कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून बांधायला, टाकायचो. वर कुणी ब्राउझर उघडला की डिस्क कुरकुरायला लागायची आणि आम्ही चहाला जायचो. परत आलो तरी माऊसचा बाण होता तिथेच. तीच आमची पहिली स्ट्रेस टेस्ट. हेतू फक्त चहाचा होता.

सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० आला आणि त्यात मेमरी व्यवस्थेचा गाभाच बदललेला होता. एका प्रोग्रामरची रचना काढून दुसऱ्याची बसवली होती, तीही स्टेबल मालिकेच्या मध्यावर. प्रयोगाची २.५ मालिका नोव्हेंबरपर्यंत उघडलीच नव्हती, त्यामुळे हा बदल आधी मुरवून घ्यायला जागाच नव्हती. कर्नलच्या एका समांतर शाखेने काही काळ जुनीच व्यवस्था चालू ठेवली. म्हणजे २.४ एकच, पण पोटात मेमरीची दोन वेगळी तंत्रं, आणि दोन्ही स्टेबल! या शब्दाने तेव्हा जितका गोंधळ घातला तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. एकाला त्याचा अर्थ 'कोड फारसा बदलणार नाही' असा वाटे, दुसऱ्याला 'मशीन बसणार नाही' असा. निर्णय घेणाऱ्यांनी दुसरा अर्थ धरला, सर्व्हर चालवणाऱ्यांनी पहिला.

पुढच्या आवृत्त्यांमध्ये नवी व्यवस्था रुळली, म्हणून निर्णय बरोबरच होता असं आज सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रचना चांगली निघाली हे खरं, पण तिची चाचणी झाली ती लोकांच्या चालत्या मशीनवर. आणि गंमत बघा. ज्याची रचना काढली, त्याचंच रिव्हर्स मॅपिंग पुढे २.५ मध्ये घेतलं गेलं आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ मधून सगळीकडे पोचलं. अमुक पान कुणाकुणाच्या वापरात आहे हे पानावरूनच शोधायची ही सोय. तिचा हिशेब ठेवण्यातच मेमरी फार जाते म्हणून २००४ साली २.६.७ मध्ये त्या बांधणीच्या जागी दुसरी आली, ती २.४.१०मध्ये ज्याची रचना बसवली होती त्याने दिलेली.

चाचणीची साधनं यानंतर वाढली. २००७ मध्ये २.६.२० मध्ये मुद्दाम मेमरी नाकारायची सोय आली. ती किती गरजेची होती हे २०१४च्या अखेरीस ठळक झालं. आठ पानांपर्यंतची, म्हणजे सहसा ३२ केबीपर्यंतची, मागणी कर्नल जवळजवळ कधीच नाकारत नाही, असा अलिखित नियम आत चालत असल्याचं चर्चेत आलं. म्हणजे 'मेमरी मिळाली नाही तर' म्हणून जागोजागी लिहून ठेवलेला कोड प्रत्यक्षात कधी चाललेलाच नव्हता. तो चालवून बघायचा तर नकार मुद्दाम द्यावा लागतो.

कुठलं पान आधी बाहेर काढायचं हे ठरवायची नवी पद्धत, मल्टी-जेन एलआरयू, २०२१ मध्ये चर्चेला आली आणि डिसेंबर २०२२च्या ६.१ मध्ये शिरली. दीड वर्षाहून जास्त घासाघीस झाली आणि तरीही जुनी पद्धत शेजारी ठेवली. मशीन चालू असताना एका फाइलीत आकडा लिहून नवी बंद करता येते. २.४.१०च्या वेळी हे झालं असतं तर!

काट्यावर आम्ही बूटच्या वेळी मेमरी ५१२ एमबीच दाखवतो, स्ट्रेस-एनजी हा मुद्दाम भार टाकणारा प्रोग्राम सोडतो, त्यातच कर्नल कंपाइल करायला टाकतो आणि दर मिनिटाला एक खोटी पावती काढतो. मेमरी संपली की कर्नल बहुधा सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोग्रामला मारतो, म्हणजे बंद पाडतो, आणि इथे तो म्हणजे नेमका वजनांचा डेटाबेस. म्हणून त्याचा ओओएमचा, म्हणजे मेमरी संपल्यावर कुणाला मारायचं ते ठरवणारा, आकडा उणे १००० करून ठेवतो. मग कर्नल त्याला हात लावत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भार काढायचा आणि दहा मिनिटांनी मेमरी बघायची. नुसत्या रिकाम्या मेमरीचा, 'फ्री'चा आकडा नाही, तर लागली तर मोकळी करता येईल तीही धरणारा 'अव्हेलेबल'चा. तो सुरुवातीच्या आकड्याजवळ आला नाही, किंवा रात्रीच्या पावत्यांत एखादी अर्ध्या मिनिटाहून उशिरा निघालेली दिसली, तर जुना कर्नल बूट मेनूत असतोच. गेल्या हंगामात काटा त्याच्यावरच चालला.