सात वर्षांनी माणूस नवा होतो?

दादरच्या कट्ट्यावर परवा पुन्हा ऐकलं: दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, म्हणजे जुने आपण उरतच नाही. (मग जुनी उधारी कोणी फेडायची?) तसं काही नाही. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकतात. मेंदूच्या बाह्यकातल्या (बाहेरच्या थरातल्या) चेतापेशी मात्र बहुतेक जन्मापासूनच्याच. कळलं कसं? १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला, मग वर्षागणिक घटत गेला; अन्नातून तो नव्या पेशीच्या डीएनएत उतरला आणि पेशीच्या जन्मसालाचा शिक्काच झाला. स्वीडनचे शास्त्रज्ञ योनास फ्रिसेन यांच्या गटाने तो वाचला. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात. जुन्या पेशींच्या आतले रेणू मात्र बदलत राहतात, गिरगावातल्या चाळीचे वासे-कौलं बदलावीत आणि टपाल त्याच पत्त्यावर येत राहावं तसे.