कोठीघर गेलं, धान्य राहिलं: खानदेशी स्वयंपाकघरातल्या पसाऱ्याची पार्श्वभूमी

स्वयंपाकघर आवरण्याचे बहुतेक सल्ले महिन्याच्या किराण्यावर चालणाऱ्या घरांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. डाळ दोन किलो, पीठ पाच किलो, तेलाच्या पिशव्या तीन-चार. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरात चैत्र-वैशाखात जे येऊन पडतं, ते या हिशेबात बसत नाही. गव्हाची पोती, ज्वारी, तूरडाळ, कळण्याला, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीच्या पिठाला, लागणारे उडीद, वर्षाचं तिखट, काळा मसाला, कुरडया, पापड, ज्वारीचे पापडासारखे बिबडे, आणि पहिला पाऊस पडला की लोणचं. हे सगळं ठेवायची सोय घरात होती. ती मोडली आणि पसाऱ्याचं खापर मात्र बाईच्या माथी फुटलं.

जुन्या धाब्याच्या घराबद्दल इथल्या वाचकाला फार सांगायला नको. मातीच्या जाड भिंती, वर सपाट छप्पर, म्हणजे धाबं. त्या जाडीतच देवळ्या, कोनाडे, फडताळं कोरलेली असत, म्हणून सामानासाठी खोलीतली वेगळी जागा जात नसे. तुराट्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली कणगी, गाडग्या-मडक्यांची उतरंड, मांजरापासून दूध वाचवणारं शिंकं. मोठ्या घरात बळद, म्हणजे धान्याची बंदिस्त कोठी, आणि गावठाणातल्या पांढरीच्या मातीत खणलेलं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. पेव उघडल्यावर आधी दिवा खाली सोडून बघत. बंद धान्यातून साठलेल्या वायूने दिवा विझला की माणूस आत उतरत नसे. बाहेर पारा ४५ अंशांना टेकला तरी कोठीची खोली अंधारी आणि गार राहायची. वाळवण धाब्यावर आणि साठवण त्याच्याच खाली, अशी ही रचना होती.

डबे आले ते बाहेरून. १८६०च्या दशकात खानदेशातून रेल्वे गेली, कापूस बाहेर जाऊ लागला आणि पुढे रॉकेलचे पत्र्याचे डबे गावोगाव पोचले. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि रिकामे डबे घरात उरू लागले. त्यांना झाकण बसवून देणारे कारागीर आठवडी बाजारात बसत. साठोत्तरी काळात स्टील आलं आणि कल्हईच्या कटकटीला कंटाळलेल्या घरांनी पितळेचे डबे मोडीत घातले. समोरच्या भिंतीवर स्टीलची मांडणी, तिच्यावर उतरत्या आकाराचे डबे, ही नव्या सुनेच्या घराची ओळख झाली.

या सगळ्यात १५ किलो तेलाचा चौकोनी डबा टिकला, आणि त्याला कारण आहे. त्यात बारा-तेरा किलो गहू मावतो, म्हणजे एकट्या बाईला उचलता येईल एवढं वजन. चौकोनी असल्याने दोन डब्यांमध्ये जागा वाया जात नाही. कुरडया तर याच डब्यात नीट राहतात. त्यांच्यावर भार चालत नाही, चुरा होतो. म्हणून त्या भरल्या की डबा उतरंडीत सगळ्यात वर. बिबड्यांचं वेगळंच: ते रुंद, दुमडता येत नाहीत, एकावर एक रचून आडवे ठेवावे लागतात. आजच्या सुबक पारदर्शक बरण्यांमध्ये यातलं काहीही जात नाही.

गॅस आल्यावर उभा ओटा आला. हा बदल वरवर चुलीचा वाटतो, पण त्याने साठवणीची उंचीच बदलली. चुलीपाशी बसून हाताला येईल एवढ्या गोलात सगळं असायचं. उभं राहिल्यावर निम्मं सामान गुडघ्याखाली गेलं, निम्मं डोक्यावर. ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे, एका कोपऱ्यात सिलिंडर, वर माळा. कडाप्प्याचे कप्पे उघडे, खोल आणि अंधारे असत. मागचं काढायला पुढचं सगळं बाहेर काढावं लागे. तरीही ते वजन निमूट पेलत, धुतले की स्वच्छ होत.

या उभ्या ओट्याच्याच काळात कोठीघर गेलं. शहराभोवती शेतांचे एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या, रो-हाउस आणि पुढे अपार्टमेंट आले. मोठ्या घरांच्या वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन खोल्या आल्या. नकाशात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना पहिली फुली कोठीच्या खोलीवर पडली. तिच्या जागी कुठे बेडरूमला लागून संडास-बाथरूम आलं, कुठे देवघर, कुठे मुलांची अभ्यासाची जागा.

त्या निर्णयाची बाजू घेणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं सगळंच पोकळ नाही. कुटुंब चौघांचं झालं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आलं. जळगावात डाळमिल आहेत, ताजी डाळ बारा महिने मिळते. मग पोती कशाला? उंदरांचा मुद्दा तर नुसता बोलण्यापुरता नव्हता. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, त्या शहराशी खानदेशाचं पोटापाण्याचं नातं आहे, आणि धान्याच्या पोत्याकडे घरात शंकेने पाहिलं जाऊ लागलं तर त्यात नवल नव्हतं.

पण या हिशेबात एक गोष्ट धरलीच नव्हती. घर शहरात आलं तरी शेत गावात राहिलं. वाट्याचा गहू, ज्वारी, तूर दरवर्षी येतच राहिली. घरचा माल असताना दुकानातला कोण घेणार? ज्यांचं शेत नाही तेही सुगीत भाव उतरल्यावर वर्षाचं धान्य भरतात, कारण महिन्याच्या महिन्याला घेतलं तर तेच महाग पडतं आणि प्रत बदलत राहते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून धरायचं, त्याला देण्यात धान्यही असायचं. माहेरी आलेल्या लेकीच्या हाताखाली वाळवणाची शेवटची खेप उरकायची. वर्षाचा हिशेब असा आखाजीला मिटत आणि सुरू होत असताना घराचा नकाशा मात्र महिन्याच्या हिशेबाने काढला गेला. नकाशावर सही करणाऱ्यांनी त्या खोलीत कधी गहू निवडला नव्हता, आणि जिने निवडला होता तिला कुणी विचारलं नाही. माझ्या मते घरबांधणीतली ही त्या काळातली सगळ्यात मोठी चूक, आणि तिची किंमत एकट्या स्वयंपाकघराने मोजली.

जागेचं गणित सरळ आहे. क्विंटलभर गव्हाला साधारण ०.१३ घनमीटर जागा लागते. तीन क्विंटलची पत्र्याची कोठी म्हणजे कपाटाएवढी वस्तू. ती कोठीघरातून निघाली ती काही घरांत बेडरूममध्ये गेली, दिवाणाखाली डबे सरकले, उरलेले माळ्यावर चढले. स्टुलावर उभं राहून बारा किलोचा डबा डोक्यावरून उतरवणं कंबरेला आणि मानेला काय करतं, ते पन्नाशीतल्या कुठल्याही बाईला विचारावं.

याहून गंभीर बाब धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्यांची. कोठीघर वेगळं होतं तेव्हा कडुनिंबाचा पाला, राख, डाळीला एरंडेल तेल आणि कडक ऊन यांवर भागत होतं. गोदामासाठीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात शिरल्या, आणि कोठी झोपायच्या खोलीत असताना शिरल्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो जीव घेतो. या गोळ्यांच्या विक्रीवर बंधन आहे ते उगीच नाही. राहत्या घरात त्या ठेवूच नयेत. ऊन दाखवून, पूर्ण गार करून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेलं धान्य खानदेशाच्या कोरड्या हवेत चांगलं टिकतं. पावसाळ्यात डबा ओल्या हाताने उघडला नाही म्हणजे झालं.

पाण्याचाही यात वाटा आहे. इथल्या कित्येक शहरांत नळ रोज येत नाही. म्हणून हंडे, पिंप, कळशा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दारात कायमच्या मुक्कामाला असतात. धान्य आणि पाणी एका खोलीत आलं की ओल आली, ओलीबरोबर किडे आले.

ट्रॉल्या आल्या तेव्हा हा गुंता सुटेल असं वाटलं होतं. रोजची भांडी, वाट्या, चमचे, मसाल्याचा डबा यांसाठी त्या खरंच चांगल्या. मागचं सामान पुढे येतं, कोपरा अंधारा राहत नाही. पण सरकणारी जाळी आणि तिचे रूळ उंचीतून आणि रुंदीतून जागा खातात, आणि जड डबा ठेवला की काही वर्षांत ट्रॉली अडकायला लागते. वर्षाची साठवण पुन्हा बाहेरच राहिली.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन गव्हाच्या सुगीत. ज्यांच्याकडे घरचा गहू, डाळ, कुरडया होत्या त्यांना रांगेत उभं राहावं लागलं नाही. ओळखीच्या घरांत त्यानंतर बोलणं बदललेलं दिसतं. नवं घर बघताना सासूपेक्षा सूनच आता विचारते, स्टोअर कुठे आहे?

ज्यांना वेगळी खोली मिळत नाही, ते सुताराला ओट्याखालचा एक कप्पा बिनाट्रॉलीचा सोडायला सांगतात. आत फळी नको, मागे ओल नको, खाली फरशी थोडी उचललेली. ओटा २४ इंच खोल, खाली मोकळी उंची तीस इंचांच्या आसपास, आणि तेलाचा डबा सव्वानऊ इंच रुंद, चौदा इंच उंच. दोन शेजारी, दोन मागेपुढे, दोन एकावर एक. दोन फुटी कप्प्यात आठ डबे बसतात, म्हणजे एक क्विंटल गहू. मागचे डबे आधी भरायचे आणि शेवटी काढायचे. पुढच्या वरच्या दोनांत चालू महिन्याचं धान्य.