गुलाम कुणाकडे?

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिज या पत्त्यांच्या खेळात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा वर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न. अभिनंदनाच्या पाठोपाठ एक प्रश्नही आला, आणि तो अजूनही ऐकू येतो: पत्ते म्हणजे नशिबाचा खेळ, त्याला पदक कसलं?

याचं अर्धं उत्तर स्पर्धेच्या रचनेतच आहे. तिथे वाटलेली पानं तशीच्या तशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. तुम्हाला आलेली वाईट पानं दुसऱ्या टेबलावर तुमच्याच जागी बसणाऱ्यालाही येतात, आणि तुलना होते ती त्याच्याशी. चांगल्या-वाईट पानांचं नशीब तिथेच वजा होतं. मग कुणी जागा बदलतो, कुणी जोड बदलतो, कुणी ‘आज हात लागलाय’ म्हणतो, या सगळ्याला काहीच आधार नाही. नीट पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला फार आवडतं. त्यासाठी एक डाव पाहू.

हुकूम इस्पिक आहे. तुमच्या हातात एक्का, राजा, दश्शी, नव्वी, सत्ती. समोर भिडूची पानं उघडी मांडलेली आहेत, त्यांत अठ्ठी आणि तीन बारकी इस्पिकं. म्हणजे बाहेर फक्त चार इस्पिकं उरली: राणी, गुलाम, छक्की, दुर्री. तुम्ही एक्का उतरता. डावीकडचा प्रतिस्पर्धी राणी टाकतो, उजवीकडचा दुर्री. मग दुसऱ्या रंगाने उतारी भिडूच्या पानांवर नेऊन तिथून बारकं इस्पिक खेळता. उजवीकडचा छक्की टाकतो. आता बाहेर एकटा गुलाम आहे. तो डावीकडे असेल तर राजा लावा, गुलाम खाली पडेल. उजवीकडे असेल तर दश्शी लावा, ती हात करेल आणि गुलाम पुढे राजाखाली सापडेल. कोणतं पान लावाल?

साधा हिशेब असा. डावीकडच्याचं एक इस्पिक दिसलं, म्हणजे त्याच्या तेरा पानांत बारा जागा मोकळ्या. उजवीकडच्याची दोन दिसली, त्याच्याकडे अकरा. गुलाम डावीकडे असण्याची शक्यता तेविसात बारा, म्हणजे ५२ टक्के. तेव्हा राजा लावावा. हिशेब चोख वाटतो, पण तो चुकीचा आहे.

पुन्हा मोजू. असे हजार डाव वाटले, तर सुमारे ६२ डावांत डावीकडे राणी एकटी असते, ६२ डावांत गुलाम एकटा आणि ६८ डावांत राणी-गुलाम जोडीने. एक्क्यावर डावीकडून मोठं चित्र पडावं आणि दोन्ही बारकी पानं उजवीकडे असावीत, असे हे एकूण १९२ डाव. दर वेळी राजा लावलात तर ६८ वेळा जिंकाल, दर वेळी दश्शी लावलीत तर १२४ वेळा. दश्शी ६५ टक्क्यांच्या घरात यशस्वी होते.

मग ५२ टक्के गेले कुठे? एकटी राणी असलेल्याला राणीच टाकावी लागते, त्याला दुसरा मार्ग नाही. राणी आणि गुलाम दोन्ही असलेला मात्र निम्म्या वेळा गुलाम टाकतो. म्हणून राणी दिसली की त्या ६८ डावांपैकी ३४च शिल्लक राहतात, आणि समोर उभे असतात एकट्या राणीचे पूर्ण ६२. पान दिसणं हा अर्धाच पुरावा झाला. ते टाकणाऱ्याकडे दुसरं काय टाकण्याजोगं होतं, हा उरलेला अर्धा. थॉमस बेज या इंग्रज गणितज्ञाचा १७६३ साली प्रसिद्ध झालेला निबंध अशाच विचाराचं मूळ आहे.

इथे मुरलेला बचावपटू काय करतो पाहा. जोडी हातात असताना तो नेहमी राणीच टाकू लागला तर ते कळलेल्याला फायदा होतो: गुलाम पडला की तो एकटाच होता, हे उघड. म्हणून तो कधी राणी, कधी गुलाम टाकतो, आणि त्यात कसलाही क्रम दिसू देत नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण माणसाच्या सवयी लवकर उघड्या पडतात.

आता यात बोली आणा, म्हणजे डाव सुरू होण्याआधी किती हात करू आणि हुकूम कोणता हे पाळीपाळीने सांगणं. समजा डावीकडच्याने सुरुवातीलाच तीन बदाम बोलले होते. अशी बोली साधारण सात बदाम आणि बेताची चित्रं सांगते. तुमच्या आणि भिडूच्या मिळून चार बदाम असतील, तर उजवीकडे दोनच उरतात. सात बदाम आणि राणी गेल्यावर डावीकडे मोकळ्या जागा पाच, उजवीकडे दोन बदाम आणि दोन इस्पिकं गेल्यावर नऊ. वरचा निम्म्याचा नियम लावला की अडीचास नऊ, म्हणजे दश्शी सुमारे ७८ टक्के. पान तेच, चाल तीच, पण दोन मिनिटांपूर्वी उच्चारलेल्या दोन शब्दांनी आकडा बदलला. गप्प बसणंही असंच बोलतं. चांगली पानं असती तर जो बोललाच असता, तो ‘पास’ म्हणाला की त्याच्या हातून एक्का आणि राजा निघाल्यावर तिसरं मोठं पान त्याच्याकडे असण्याची शक्यता कमी धरावी.

म्हणूनच २०२२च्या पॅरिसमधल्या बातमीने मी हुरळलो नाही. ‘नूक’ नावाच्या संगणकप्रणालीने आठ जगज्जेत्यांना हरवलं, हे खरं आणि कौतुकाचं आहे. नूक आपली चाल का खेळली हे सांगू शकते, ते तर फारच मोलाचं. पण तिथे बोली नव्हतीच. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे किती हात करायचे आणि हुकूम असेल की नाही, हे आधीच ठरलेलं होतं, आणि माणूस काय किंवा यंत्र काय, दोघांनीही फक्त डाव खेळायचा होता. ‘ब्रिजमध्ये यंत्राने माणसाला हरवलं’ हा मथळा त्यामुळे निम्म्या खेळापुरताच खरा.

राहिलेल्या निम्म्यात ३५ बोल्या आहेत, शिवाय पास, डबल आणि रिडबल. एवढ्याच शब्दांत भिडूला तेरा पानांचं वर्णन करायचं. त्यात गुप्त खुणा चालत नाहीत. बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर सांगावाच लागतो, आणि मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदा उभा असतो, म्हणजे चेहऱ्यावरूनही काही कळू नये.