बुजायचं विसरलेलं भोक

कानाच्या पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न भुलीचा असतो. पूर्ण भूल देणार का? खरं तर आपल्याकडे मोठ्या माणसांचं हे ऑपरेशन सर्रास कानाभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देऊन, पेशंट जागा असतानाच होतं. कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून भोकाला आतून लावायचं, ही नेहमीची रीत. लहान मुलं स्वस्थ पडत नाहीत, त्यांना पूर्ण भूलच बरी.

२०१९ मध्ये जपानने याहून साधा उपाय मंजूर केला. त्यात कापाकापी जवळजवळ नाहीच. पण तो कळायला आधी भोक बुजत का नाही, हे पाहायला हवं.

पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, तरी त्याला तीन थर: बाहेर त्वचा, मध्ये तंतू, आत मध्यकर्णाचं, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीचं, ओलसर अस्तर. यातली त्वचा एका जागी राहत नाही. तिच्या पेशी पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून कानाच्या नळीतून बाहेर सरकत असतात, दिवसाला साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. मळ आपोआप बाहेर येतो तो यामुळेच. कानात लसणीचं कोमट तेल ओतणाऱ्यांना हे कोणी सांगावं! भोक असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरतं.

हातापायाच्या जखमेत आधी तळाशी लालसर ऊती भरते आणि तिच्यावरून त्वचा सरकते. पडद्याला तळच नाही, दोन्ही बाजूंना हवा. म्हणून इथे क्रम उलटा: त्वचा पुढे जाते, तंतू मागून येतात. थपडेने फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत असाच आपला आपण जुळतो. पण भोक मोठं असलं किंवा कान वारंवार फुटत असला, तर बाहेरची त्वचा काठावरून आत वळते आणि आतल्या अस्तराला भिडते. दोघांची गाठ पडली की पेशींच्या लेखी जखम संपली. पुढे वर्षं गेली तरी भोक तसंच.

ओसाकाच्या कितानो रुग्णालयातल्या शिन-इची कानेमारू यांच्या गटाने या काठावरच बोट ठेवलं. पडदा औषधाने बधिर करायचा, वळलेला काठ खरवडून पुन्हा जखम करायची, भोकात जिलेटिनचा स्पंज बसवायचा आणि वरून फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, गोंद लावायचा. स्पंज भिजवलेला असतो तो तंतुपेशींना वाढायला लावणाऱ्या एका प्रथिनात. हे प्रथिन हेपरान सल्फेट या पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या आधाराने पेशीवरच्या ग्राहकांना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं, ग्राहकांच्या जोड्या जमतात, ते एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप साखळीने केंद्रकापर्यंत पोचतो: विभागा. सुमारे तीन आठवड्यांनी तपासायचं, भोक उरलं असेल तर पुन्हा तेच.

नुसता स्पंज पुरतो का? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत हे प्रथिन मिळालेल्या ५३ पैकी ५२ जणांचं भोक बुजलं. प्रथिनाविना स्पंज लावलेल्या १० जणांत एकाचंच.

आकडे पाहून लगेच 'बहिरेपणावर इलाज' म्हणत सुटू नये. कान वाहत असेल, पडद्यामागे त्वचा साठून हाड पोखरत असेल किंवा आतल्या हाडांची साखळी तुटली असेल, तर हा उपाय चालत नाही. आणि बहिरेपण नसेचं असेल, तर पडदा कितीही छान जुळला तरी ऐकू येण्यात फरक पडत नाही.